काय चावलं, ते आधी बघ

बाय, मिरग तोंडावर आलाय आणि तुझं बाळ रांगायला लागलंय, म्हणून हे सगळं एकदा नीट बसून सांगते. विरारला तुम्ही अकराव्या मजल्यावर राहता, तिथे डासांपलीकडे काही पोचत नाही असं तुला वाटतं. पण सुट्टी लागली की पोराला घेऊन तू वाडीवर येणारच. वाडी म्हणजे केळीची दाटी, वाळलेल्या झावळ्या, नारळाच्या सोडणांचा ढीग, पाटाच्या कडेची ओल आणि घरामागे रचून ठेवलेल्या विटा. अशा जागांत किड्यामुंग्यांचाच राबता असतो.

मला जे येतं त्यातलं निम्मं माझ्या सासूबाईंचं आणि निम्मं तुझ्या आत्येआजीचं. सासूबाईंचा जन्म पानवेलीच्या वाडीत गेला. आत्येआजी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. दोघींचं पुष्कळ बाबतींत पटत नसे, पण एक गोष्ट दोघीही सांगायच्या: औषधाला धावण्याआधी काय चावलं ते बघ. आपल्या भागातले बहुतेक दंश साबण, गार पाणी आणि थोडा धीर एवढ्यावर बरे होतात. मोजके दंश मात्र असे की तिथे घरात घालवलेला अर्धा तास जिवावर बेततो. आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही सारखेच वाटू शकतात.

बघायचं म्हणजे दिवा लावायचा, अंथरूण झटकायचं, चावल्याची जागा न्याहाळायची. काटा रुतलाय का, खूण एक आहे की दोन, बारीक केस चिकटलेत का. किडा मेलेला सापडला तर बरणीत ठेव. जिवंत असेल तर त्याच्या मागे धावू नको, लांबून मोबाइलवर फोटो काढ. घड्याळात किती वाजलेत ते लक्षात ठेव, डॉक्टर ते विचारतात. हाताला चावलं असेल तर अंगठी, बांगड्या, बाळाच्या मनगटातलं कडं लगेच उतरव. पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण. सूज चढली की अंगठी निघत नाही, बोटाचं रक्त अडतं आणि शेवटी ती कापावी लागते. घाईत हेच सगळे विसरतात, म्हणून मुद्दाम आधी सांगितलं.

मग साबण आणि वाहतं पाणी. त्यानंतर गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, काढायचं, पुन्हा ठेवायचं. बर्फ असेल तर रुमालात गुंडाळून, कातडीवर थेट नाही. हातपाय उशीवर थोडा उंच ठेवला तर ठणका कमी होतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावलेली जागा दुसऱ्या दिवशी जास्त सुजते, कधी मनगटाला चावलेलं कोपरापर्यंत सुजतं. ही सूज दोन दिवस वाढून मग हळूहळू उतरते, त्याला आठवडाही लागतो. ताप नाही, श्वासाचा त्रास नाही, तर धीर धर. उतरायच्या वेळी जर उलट ठणका वाढला, जागा तापली, लाल रेघ वर चढू लागली किंवा पू दिसला, तर ते खाजवून झालेलं इन्फेक्शन. तेव्हा डॉक्टर हवा. म्हणून मुलांची नखं कापलेली ठेव. बाळाच्या हातात रात्री मऊ मोजे घातलेस तरी चालेल.

आता मधमाशी. आपल्याकडे तीन प्रकारच्या दिसतात. झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहते ती सातेरी, लहान फांदीला तळहाताएवढं एकच पोळं लावते ती फुलोरी, आणि मोठं, उघडं पोळं लटकावते ती आग्या. आग्या पूर्वी वडा-पिंपळावर नाहीतर पाण्याच्या टाकीखाली असायची. आता तुमच्या उंच इमारतींच्या सज्जाखालीही ती येते, तेव्हा अकराव्या मजल्याचा भरवसा धरू नको. सातेरी-फुलोरीचा डंख दुखतो, खाजतो, जातो. आग्या एकटी येत नाही, झुंडीने येते. भीती आहे ती तिची.

मधमाशीचा काटा उलट्या दातेऱ्यांचा असतो. तो आपल्या कातडीत अडकतो, माशी उडते तेव्हा विषाची पिशवी तिच्या पोटातून तुटून काट्याबरोबर इथेच राहते आणि आपोआप आत विष ढकलत राहते. ती लगेच निघायला हवी. पूर्वी सांगत की चिमटीत धरू नको, विष आत दाबलं जाईल, सुरीच्या पाठीने खरवडून काढ. आत्येआजीही तसंच सांगायच्या. नंतर परदेशातल्या संशोधकांनी स्वतःच्या हातावर डंख घेऊन हे तपासलं आणि 1996 साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापलं, की काटा कसा काढला याने फरक पडत नाही, किती लवकर काढला याने पडतो. तेव्हा सुरी शोधायला स्वयंपाकघरात जाऊ नको. नखाने उपट, फेकून दे. गांधीलमाशीचा काटा मात्र गुळगुळीत असतो, तो मागे राहत नाही. ती एकच माशी पाच वेळा डसू शकते, म्हणून तिथे काटा शोधत न बसता आधी लांब व्हायचं.

मधमाशी डसते तेव्हा एक वास सोडते आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो. केळ्याच्या वासातलं मुख्य द्रव्य आणि माशीच्या हाकेतलं द्रव्य एकच आहे. आपण वसईची माणसं, राजेळीच्या घडांत वावरलेली, तेव्हा हा वास ओळखणं आपल्याला जड नाही. केळी नसलेल्या ठिकाणी एकाएकी तसा वास आला तर समज की माशी चिडलीय. चावलेली माशी तिथेच चिरडू नको, त्यानेही वास पसरतो. हातवारे करू नको. पदराने किंवा ओढणीने तोंड झाक, बाळाला छातीशी धर आणि घरात, गाडीत, दार लागेल अशा कुठल्याही जागी सरळ जा. विहिरीत, तळ्यात उडी मारायची नाही. माश्या वर घोटाळत राहतात आणि माणूस बुडतो.

डंख किती झाले ते मोज. लहान मुलाला दहा-बारा किंवा मोठ्या माणसाला पंचवीस-तीस असतील, तर माणूस बसून बोलत असला तरी दवाखान्यात ने. एवढं विष स्नायूंना आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं आणि ते काही तासांनी कळतं. लघवी चहासारखी लाल-काळी होणं ही त्याची खूण. घशात, तोंडात किंवा डोळ्यावर डंख झाला तर मोजायची गरज नाही, एकही पुरे. ताडीच्या मडक्यावर, सरबताच्या पेल्यावर माश्या येतात, माणूस न बघता घोट घेतो आणि जिभेवर डंख होतो. सूज आतून चढते आणि श्वासाची वाट बंद होते. बर्फाचा तुकडा चोखायला दे आणि निघ.

आणखी एक गोष्ट अशी आहे जिच्यात डंखांची संख्या बघायची नसते. काही माणसांचं शरीर एका डंखाने बिथरतं. चावलं पायाला आणि गांध्या उठल्या पोटावर, पाठीवर, अंगभर. ओठ, जीभ, पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, छातीत शिटी वाजल्यासारखं होतं, उलटी होते, चक्कर येते, माणूस पांढराफटक पडतो. हे बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुरू होतं. चावलेल्या जागेपासून लांब काहीही झालं की ते घरचं दुखणं राहिलं नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेव. यावर औषध एकच, अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ते महागडं नाही आणि बहुतेक डॉक्टरांकडे असतं. सेट्रीझिनची गोळी खाज कमी करते, पण सुजलेला गळा उघडत नाही. गोळी दिली, आता उतरेल, म्हणून वाट बघायची नाही. चक्कर येत असेल तर माणसाला आडवं निजव आणि पाय उंच कर. दम लागत असेल तर टेकून बसव. उभं करायचं नाही, चालवत तर मुळीच न्यायचं नाही. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांब, कारण तोच त्रास उलटून येऊ शकतो. आणि ज्याला एकदा असं झालं त्याने पुढच्या वेळी डंखाआधीच डॉक्टरांशी बोलून तयारी ठेवायची. घरातल्या सगळ्यांना ते माहीत हवं, शाळेतल्या बाईंनाही.

तू विचारशील, मग सासूबाईंच्या औषधांचं काय? हे मी मनापासून सांगते, कारण ती औषधं मी वर्षानुवर्षं वापरली आहेत आणि त्यांचा मान ठेवूनच त्यांतली काही सोडली आहेत. गांधीलमाशी चावली की त्या कोयत्याचं पातं नाहीतर किल्ली त्या जागी टेकवायच्या. लोखंड गार असतं, त्या गारव्याने ठणका कमी होतो, एवढं खरं. पण गंजलेलं लोखंड घासलं की कातडी सोलवटते आणि धनुर्वाताची भीती, म्हणून आता गार फडकं. कोरफडीचा गर स्वच्छ धुऊन लावला तर थंडावा मिळतो. तुळशीचा रस, कांद्याची फोड यांनी अपाय होत नाही, उपाय होतो असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. हळद मात्र लावू नको. हळदीवर माझा राग नाही, पण पिवळ्या थराखाली लाली, काळेपणा, खूण काहीच दिसत नाही आणि डॉक्टरांना आधी ती धुवत बसावं लागतं.

चुना लावायचाच नाही. पानाच्या वाडीतल्या घरात चुन्याची डबी हाताशी असते, म्हणून हात तिकडे जातो. आंबट विषावर चुना आणि खाऱ्या विषावर लिंबू, असा एक हिशोब लोक मांडतात. पण विष कातडीच्या खाली गेलेलं असतं आणि चुना वर राहतो. तो विषापर्यंत पोचत नाही, कातडी मात्र भाजतो, आणि मुलाने तोच हात डोळ्याला लावला तर डोळा जाऊ शकतो. रॉकेल, ओली तंबाखू, मिश्री, टूथपेस्ट, माती, शेण यांतलं काहीही उघड्या जखमेवर नको. बाळाला कापूर, निलगिरीचं तेल किंवा बाम लावून वास देणाऱ्या आत्या-मावश्या भेटतील, त्यांना गोड बोलून थांबव. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, डंखावरही नाही आणि एरवीही नाही.

विंचवावर चिंचोका उगाळून चिकटवायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि विंचू उतरवणारेही गावोगाव होते. त्यांना गुण कसा येतो ते समजून घे. बहुतेक विंचवांची वेदना कितीही भयंकर असली तरी काही तासांत आपसूक ओसरते. चिंचोका लावला तरी ओसरते, मंत्र म्हटला तरी ओसरते, काही न करता बसलं तरी ओसरते. काळा, जाडजूड विंचू दिसायला भीतिदायक, पण त्याचं विष सौम्य. फसवतो तो लहान, लालसर विंचू, दीड-दोन बोटांएवढा, बारीक नांग्यांचा. कोकणपट्टीत त्याने किती घरांतली मुलं नेली! उतरवणाऱ्याचा हातगुण त्याच्यापुढे चालत नाही.

या लाल विंचवाची खरी कहाणी आपल्याच कोकणातली आहे. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात 1976 च्या सुमारास हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचू चावलेली माणसं यायची, घामाने निथळायची, हातपाय गार पडायचे आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून जायची. त्यांनी रुग्णाजवळ रात्र रात्र बसून एकेक लक्षण टिपलं आणि 1982 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं. विष शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळून धरतं आणि हृदयावर असह्य ताण येतो, हे त्यांनी ओळखलं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि आवळलेल्या वाहिन्या सैल पडू लागल्या. पूर्वी ज्यांच्या अंगात विष भिनायचं त्यांच्यातले शंभरातले तीस-चाळीस दगावत. आता वेळेवर पोचलेल्यांत ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलंय. पुढे त्यांनी आणि डॉक्टर प्रमोदिनी बावस्करांनी मिळून हेही दाखवलं, की गोळीबरोबर विंचवाची लस दिली तर माणूस आणखी लवकर सावरतो. ती लस मुंबईत परळच्या हाफकिनने तयार केली. 2022 मध्ये डॉक्टर बावस्करांना पद्मश्री मिळाली. मी कोकणातली बाई, मला त्या बातमीचा फार आनंद झाला.

तेव्हा विंचू चावला की वेदनेवर जाऊ नको, घामावर आणि हातापायांवर लक्ष ठेव. दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलटी, बर्फासारखे गार हातपाय, मुलाची सतत चळवळ, दम लागणं, यांतलं एकही दिसलं तर निघायचं. आणि मूल असेल तर काही दिसायची वाटही बघायची नाही. लहान शरीराला तेवढंच विष जास्त होतं. घरातलं कोणी मांत्रिकाचा हट्ट धरून बसलं तर भांडणात वेळ घालवू नको. त्यांना म्हण, तुम्ही गाडीत बसा, वाटेत मंत्र म्हणा. गाडी चालू पाहिजे.

विंचू घरात येऊ नये म्हणून विटा, सोडणं, लाकडं भिंतीला चिकटून रचायची नाहीत. चपला आणि मुलांचे बूट झटकून घालायचे, वाळत टाकलेले कपडे झटकून घडी करायचे. तुम्ही ऑनलाइन मागवता ती जांभळ्या प्रकाशाची टॉर्च मिळते ना, तिच्या उजेडात विंचू अंधारात हिरवट चमकतो. वाडीवर रात्री निजण्याआधी त्या उजेडात खोलीचे कोपरे बघितले तर चांगलं.

आता सर्वात जपून ऐक, कारण इथे किडा म्हणून माणूस गाफील राहतो आणि असतो साप. मण्यार. काळीनिळी, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावते तेव्हा मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही. सूज नाही, रक्त नाही, कधी खूणही दिसत नाही. माणूस हात खाजवतो आणि कूस बदलतो. पहाटे पोटात मुरडा येतो, घसा दुखतो, गिळता येत नाही, पापण्या उघडत नाहीत, समोरचं दोन दोन दिसतं. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. तुंगारेश्वरच्या पायथ्याला, पारोळ-कामणकडे आणि वर पाड्यापाड्यांत लोक अजून भुईवर निजतात, आणि आपण वाडीवर उकाड्यात ओटीवर निजतो. पाणी भरलं की बिळातले सगळे जीव उंचवट्यावर येतात. 2018 च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात घराघरांत पाणी शिरलं होतं, तसं कधी पुन्हा झालं तर हे आठव.

म्हणून रात्री झोपेत काहीतरी चावलं आणि काय ते दिसलं नाही, तर त्याला किडा म्हणायचं नाही. माणसाला जागं ठेव, पापण्यांकडे बघ, बोलायला लाव. पापणी जड झाली, आवाज बदलला, पोटात दुखलं, की लगेच न्यायचं. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला चालू द्यायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर सरकारी दवाखान्यातली लस एकच असते, तेव्हा साप पकडून आणायचा खटाटोप करू नये. निजायला खाट, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. डासांसाठी लावलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते. एवढ्या एका गोष्टीसाठी माझ्याकडून पैसे घे, पण वाडीवर सगळ्यांना मच्छरदाण्या आण.

बारीकसारीक गोष्टी आता भराभर सांगते. आंब्यावर, चिकूवर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या, कोणी ओंबील म्हणतात, कोणी हुमले, त्या चावतात आणि चाव्यावर आम्ल फवारतात. झाडून टाक, साबणाने धू, झालं. घोण चावली तर ठणका मोठा असतो, सोसवेल इतक्या कढत पाण्यात हात बुडवून ठेवला की बरं वाटतं. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात. अंगाला लागले तर चोळायचं नाही, केस आत रुततात. चिकटपट्टी लावायची आणि ओढायची, दोन-चार वेळा, मग धुवायचं. कपडे बदलायचे.

पावसात ट्यूबलाइटवर एक लांबट किडा येतो, मुंगीसारखा, नारिंगी आणि काळा. तो चावत नाही, पण मानेवर बसलेला चापटीने चिरडला की त्याच्या अंगातला रस कातडी जाळतो. त्या दिवशी काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी लाल पट्टा उठतो, फोड येतात आणि लोक म्हणतात नागीण झाली. फुंकर मारून उडवायचा, चिरडला गेला तर लगेच साबणाने धुवायचं, आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. रात्री खिडकीजवळचा दिवा बंद ठेवला तर तो येतही नाही.

कुत्र्यामांजराच्या अंगावरून गोचीड आली तर रॉकेल नको, उदबत्तीचा चटका नको. चिमट्याने कातडीला लागून धर आणि सरळ ओढून काढ. रानातून, गवतातून आल्यावर काही दिवसांनी ताप आला आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली सापडली, तर ती डॉक्टरांना दाखव. ती बारीक किड्याच्या चाव्याची असते, त्या तापावर वेगळं औषध लागतं आणि खपली दाखवल्याशिवाय ते लक्षात येत नाही. डासांचं तू जाणतेसच. फक्त तापात अॅस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नको, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल, आणि रक्ताची तपासणी.

किड्याचा नाही, पण आपल्या किनाऱ्यावरचा म्हणून आणखी एक डंख सांगते. मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा लागतो, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात पाखटावर पाय पडतो. वेदनेने माणूस ओरडतो. तिथे बर्फ नाही, ऊन पाणी. सोसवेल इतकं कढत, अर्धा-एक तास, निवलं की बदलायचं. त्या विषाची वेदना उष्णतेने उतरते. पाणी किती कढत आहे ते चांगल्या हाताने बघायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरांनी काढायचा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

घरात एक डबा कर. साबणाची वडी, स्वच्छ फडकी, चिमटा, चिकटपट्टी, कॅलामाइन लोशन आणि मोठ्यांसाठी सेट्रीझिन. बाळाची मात्रा बाळाच्या डॉक्टरांकडून लिहून घे आणि तो कागद डब्यातच ठेव. दिवस गेलेल्या बाईने कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

आणि हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधी कर. तुमच्या विरारच्या घराजवळ आणि आपल्या वाडीजवळ, दोन्हीकडे, रात्री उघडा असणारा कुठला दवाखाना विंचवाचं आणि सापाचं औषध ठेवतो, ते स्वतः जाऊन विचार. सरकारी, पालिकेचा, मिशनचा, कोणताही असो. नाव ऐकून जाऊ नको, औषध आहे का ते विचारून ये. 108 ची रुग्णवाहिका फुकट येते, पण हायवेची कोंडी तू जाणतेस, तेव्हा शेजारची कोणाची गाडी रात्री मिळेल तेही ठरवून ठेव. मुंबईच्या मोठ्या इस्पितळाकडे परस्पर निघायचं नाही. पहिलं इंजेक्शन जवळ जिथे मिळेल तिथे घ्यायचं, पुढे पाठवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. तिथे पोचल्यावर चार गोष्टी सांग: किती वाजता चावलं, काय दिसलं, घरी काय लावलं किंवा गिळायला दिलं, आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे. चुना लावला असेल, मांत्रिकाकडे जाऊन आला असाल, तरी लाजून लपवू नको. आणि निघताना आधारकार्ड शोधत कपाट उपसत बसू नको. ते मागाहून कोणीही घेऊन येईल.